क्रुसाचे आकारभेद : केल्टिक वर्तुळ आणि भारतीय कमळ

प्रस्तावना : कोकण व गोव्याच्या किनाऱ्यावर क्रूस पोर्तुगीजांबरोबर आला, असा सर्वसाधारण समज आहे. तो तपासून पाहणे आवश्यक आहे.

स्वरूप व अर्थ : रोमन साम्राज्यात क्रूस हे देहदंडाचे साधन होते, सम्राट कॉन्स्टंटाईनच्या काळानंतर ते विजयचिन्ह ठरले. आयर्लंडमधील केल्टिक दगडी क्रुसांच्या भुजा वर्तुळाने जोडलेल्या असतात. हे वर्तुळ काही अभ्यासक विजयमाला, तर काही सूर्यप्रतीक मानतात. जड भुजांना आधार देणे हाही त्याचा हेतू असावा.

सहाव्या शतकातील प्रवासी कॉस्मस याने ‘कल्लियाना’ येथे पर्शियाहून नेमलेला बिशप असल्याचे नोंदविले आहे. अनेक अभ्यासकांच्या मते हे ठिकाण म्हणजे कल्याण होय. चेन्नईच्या सेंट थॉमस माउंटवर १५४७ मध्ये सापडलेल्या क्रुसावर पहलवी या प्राचीन इराणी भाषेतील लेख असून तळाशी कमळाच्या पाकळ्या आहेत. त्यावर येशूची देहाकृती नाही. रिता क्रूस पुनरुत्थान सूचित करतो, असा त्याचा अर्थ लावला जातो. गोव्यातील आगशी येथेही २००१ मध्ये पहलवी लेख असलेला क्रूस आढळला.

निष्कर्ष : भारतीय क्रुसाची परंपरा पोर्तुगीजपूर्व आहे. आयर्लंडने त्यास वर्तुळ दिले, भारताने कमळ. प्रतीक एकच असले तरी त्याचा आकार त्या त्या भूमीतून घडतो.