लहान मोटारीचे ब्रेक : ट्रॅकवर आणि घाटांत

शास्त्री नदी जेथें समुद्रास मिळते, त्या मुखावर जयगडचा किल्ला उभा आहे. येथून निवळी, हातखंबा व साखरपा या मार्गानें कोल्हापुरास जावयाचें म्हणजे आंबा घाट चढावा लागतो आणि परततांना तोच उतरावा लागतो. ब्रेकची किंमत या बाजूच्या मोटारवाल्यास निराळी सांगावयास नको. परंतु कांहीं हौशी मंडळी आपली रोजच्या वापरांतील लहान मोटार चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टै किंवा कोइंबतूरचा कारी मोटर स्पीडवे यांसारख्या शर्यतीच्या ट्रॅकवर नेऊन तेथें ती पूर्ण वेगानें चालवितात. अशा दिवसास ‘ट्रॅक-डे’ म्हणतात. त्यासाठीं ब्रेक सुधारावयाचे तर आरंभ कोठून करावा, हा प्रश्न जिवाशीं निगडित आहे. कारण ट्रॅकवर गेलेली मोटार अखेर घाट उतरूनच घरीं यावयाची असते.

ब्रेक वेग नाहींसा करीत नाहीं. तो त्याचें उष्णतेंत रूपांतर करतो. माणसासह एक हजार किलो वजनाची मोटार ताशीं १०८ किलोमीटरवरून ५४ वर आणली, तर जी उष्णता निर्माण होते तिनें एक लिटर साधें पाणी उकळीस येईल. ट्रॅकच्या एका फेरींत असे प्रसंग अनेकदां येतात. घाटाचाही हिशेब तोच आहे. तीच मोटार शंभर मीटर खालीं उतरली, कीं जवळजवळ तीन लिटर पाणी उकळविण्याइतकी उष्णता मोकळी होते. आणि खालच्या गिअरमध्यें इंजिनाच्या आधारानें गाडी उतरविली नाहीं, तर त्यांतील बराच मोठा भाग ब्रेकच्या वांट्यास येतो.

ही उष्णता सांचली म्हणजे ब्रेक दोन प्रकारांनीं दगा देतात. पहिल्या प्रकारांत पॅड इतके तापतात कीं त्यांचें घर्षण घटतें. पेडल पायास कठीण लागतें, पण गाडी थांबत नाहीं. दुसऱ्यांत ब्रेक-ऑइल उकळतें. द्रव दाबला जात नाहीं, वाफ मात्र दाबली जाते. म्हणून पेडल मऊ होऊन एकदम तळास जातें. हा दुसरा प्रकार अधिक भयंकर होय.

आणि येथेंच कोंकणच्या हवेचा संबंध येतो. नेहमींचें ब्रेक-ऑइल ग्लायकोल जातीचें असून तें हवेंतील ओलावा हळूहळू शोषून घेतें. ‘डॉट ४’ प्रतीचें ताजें ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळूं नये, असें प्रमाण आहे. ओलावा शोषलेल्या त्याच ऑइलाचें प्रमाण १५५ अंशांवर येतें. ‘डॉट ५.१’ चे आंकडे अनुक्रमें २६० व १८० आहेत. म्हणून समुद्रकांठच्या मोटारीची पहिली सुधारणा म्हणजे ताजें व चांगल्या प्रतीचें ऑइल. मात्र ‘डॉट ५’ हें सिलिकोनचें निराळें ऑइल आहे. नांवाच्या साम्यास भुलून तें यांत मिसळूं नये.

दुसरी सुधारणा पॅडची. अधिक उष्णता सोसणारे पॅड घ्यावे, पण निव्वळ शर्यतीचे नकोत. ते थंड असतांना नीट पकडत नाहींत आणि गांवच्या रस्त्यावर ब्रेक बहुधा थंडच असतात. नवे पॅड प्रथम बेतानें वापरून चकतीवर बसूं द्यावे लागतात. त्यानंतर, रबरी नळ्यांच्या जागीं पोलादी जाळीच्या नळ्या घालाव्या, म्हणजे दाबाखालीं त्या फुगत नाहींत. चकतीकडे थंड वारा पोंचविण्याची व्यवस्था केल्यास तीही उपयोगी पडते.

मोठ्या चकत्यांचा विचार यानंतर करावा. मोठी चकती अधिक उष्णता सांठविते हें खरें. १९५३ सालीं ल मान्सची शर्यत जिंकणाऱ्या जॅग्वार गाडीनें चकतीच्या ब्रेकचें श्रेष्ठत्व सिद्ध केलेंच आहे. परंतु गाडी शेवटीं थांबते ती टायरच्या पकडीमुळें. ब्रेक चाक जाम करण्याइतका समर्थ असेल, तर मोठ्या चकतीमुळें एकदां थांबण्याचें अंतर फारसें कमी होत नाहीं. तोच जोर वारंवार टिकतो, इतकेंच. शिवाय मागचे ब्रेक वाजवीपेक्षां जोरदार झाले, तर मागचीं चाकें आधीं जाम होऊन गाडी गरकन् फिरते. कायद्याचीही मर्यादा आहेच : नोंदणीपत्रांतील तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलाशीं विसंगत होतील असे बदल करण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम मनाई करतें.

ट्रॅकवर शेवटची फेरी सावकाश घ्यावी, म्हणजे ब्रेक निवतात; तापलेल्या ब्रेकवर हँडब्रेक ओढूं नये. निघण्यापूर्वीं पॅडची जाडी पाहावी व पेडल दाबून त्याचा कठीणपणा अजमावावा. तें मऊ लागलें, तर ऑइल बदलून नळ्यांतील हवा काढल्यावांचून घाटाची वाट धरूं नये.