पंपावरचा ४.५ येतो कुठून?

आयसीयूतल्या सिरिंज पंपावर ४.५ हा आकडा झळकत असतो. तो काही अंदाजाने टाकलेला नसतो. समजा, जंतुसंसर्गामुळे रक्तदाब कोसळलेल्या ६० किलोच्या रुग्णाला रक्तवाहिन्या आवळणारे नॉरॲड्रेनलिन द्यायचे आहे. डॉक्टर डोस लिहितात: दर किलोला, दर मिनिटाला ०.१ मायक्रोग्रॅम. म्हणजे मिनिटाला ६, तासाला ३६० मायक्रोग्रॅम. सिरिंजमध्ये ५० मिलिलिटर द्रावणात ४ मिलिग्रॅम औषध असेल, तर एका मिलिलिटरमध्ये ८० मायक्रोग्रॅम. ३६० भागिले ८०, उत्तर तासाला ४.५ मिलिलिटर.

दशांशचिन्ह निसटले की ४५, थेट दहापट डोस! म्हणून दुसरी सिस्टर हाच हिशेब स्वतंत्रपणे करून ताडून पाहते. द्रावणाचे प्रमाण रुग्णालयागणिक बदलते, त्यामुळे सिरिंजवरचे लेबल वाचल्याशिवाय जुना आकडा चालत नाही.

या औषधाचा असर काही मिनिटांतच ओसरतो. म्हणूनच पहिली सिरिंज संपण्याआधी दुसरी भरून ठेवतात. सरासरी रक्तदाब साधारण ६५ च्या वर टिकू लागला, की वेग टप्प्याटप्प्याने उतरवतात. एकदम बंद केल्यास दाब पुन्हा घसरू शकतो. पंप वाजू लागला, तर नातेवाइकांनी बटणांना हात न लावता लगेच सिस्टरांना हाक मारावी.