जिवाणुसंसर्ग, शरीराची संरक्षणव्यवस्था आणि सिकलसेल : नंदुरबार जिल्ह्याच्या संदर्भात

प्रस्तावना :
१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याच्या विभाजनातून निर्माण झालेला नंदुरबार हा आदिवासीबहुल जिल्हा आहे. येथील भिल्ल, पावरा इत्यादी समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. हा विकार जिवाणूंमुळे होत नाही. तथापि सिकलसेलग्रस्त बालकाच्या जिवाला मोठा धोका जिवाणुसंसर्गाचाच असतो. असे का घडते, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

जिवाणूंची रोगकारकता :
सर्वच जिवाणू रोगकारक नसतात. आतड्यातील असंख्य जिवाणू उपकारकच ठरतात. रोगकारक जिवाणू शरीरात शिरतात, पेशींना चिकटून वाढतात आणि ऊतींची हानी करतात. पटकीचा जिवाणू आतड्यात विष सोडतो व त्यामुळे शरीरातील पाणी आणि क्षार वेगाने बाहेर पडतात. न्यूमोकॉकस या जिवाणूचे सामर्थ्य त्याच्याभोवतीच्या शर्करायुक्त आवरणात असते. या आवरणामुळे भक्षक पेशींना तो सहजासहजी पकडता येत नाही. तो फुप्फुसातून रक्तात आणि तेथून मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचू शकतो.

शरीराची संरक्षणव्यवस्था :
त्वचा, श्लेष्मल आवरण व जठरातील आम्ल ही संरक्षणाची पहिली फळी होय. ती ओलांडणाऱ्या जिवाणूंना रक्तातील पांढऱ्या पेशी गिळंकृत करतात. लसिका पेशींपासून प्रतिपिंडे तयार होतात. ही प्रतिपिंडे जिवाणूच्या आवरणाला चिकटली की भक्षक पेशींना पकड मिळते. काही लसिका पेशी रोगकारकाची स्मृती जपतात; लसीकरण याच तत्त्वावर आधारलेले आहे.

रक्तात शिरलेल्या आवरणधारी जिवाणूंचा नाश करण्यात प्लीहा, म्हणजेच पाणथरी, महत्त्वाचे कार्य करते. पोटाच्या डाव्या बाजूस, बरगड्यांखाली असलेल्या या इंद्रियातील अरुंद मार्गांतून रक्त संथपणे वाहते आणि तेथील भक्षक पेशी ते गाळून घेतात.

सिकलसेल आणि प्लीहा :
सिकलसेलमध्ये ऑक्सिजन कमी होताच तांबड्या पेशी ताठर व विळ्याच्या आकाराच्या होतात. त्या प्लीहेतील अरुंद मार्ग अडवतात. परिणामी प्लीहेचे कार्य बालपणीच क्षीण होऊ शकते. भारतातील अनेक रुग्णांत प्लीहा वाढलेली आढळते. परंतु वाढलेली प्लीहा कार्यक्षम असतेच असे नाही. अशा बालकाच्या रक्तात शिरलेला न्यूमोकॉकस काही तासांतच प्राणघातक ठरू शकतो. विकाराचे केवळ वाहक असलेल्या व्यक्तींना सहसा हा धोका नसतो.

प्रतिबंध :
१९८६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोज पेनिसिलिन दिल्याने सिकलसेलग्रस्त बालकांतील न्यूमोकॉकसचा गंभीर संसर्ग ८४ टक्क्यांनी घटल्याचे दिसून आले. २०२१ पासून न्यूमोकॉकल लस देशभरातील सार्वत्रिक लसीकरणात उपलब्ध आहे. मात्र या उपायांचा पुरेपूर लाभ होण्यासाठी रक्ततपासणीद्वारे विकाराचे निदान लवकर होणे आवश्यक आहे.

समारोप :
अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील सातपुड्याच्या दुर्गम पाड्यांवरून दवाखाना गाठण्यातच बराच वेळ जातो. म्हणून सिकलसेलग्रस्त बालकाचा ताप हा साधा ताप न मानता त्याला विनाविलंब रुग्णालयात नेणे, ही जाणीव प्रत्येक कुटुंबापर्यंत पोहोचणे अगत्याचे आहे. शरीराची एक फळी दुर्बल झाली असता लस, औषध आणि समाजाची सजगता यांनीच ती उणीव भरून काढावी लागते.