घरातले इंटरनेट तुटते कुठे? राउटर, तार की कंपनी?

खरड (पंजाब) : चंडीगडपासून सुमारे पंधरा किलोमीटरवर असलेले खरड हे मोहाली जिल्ह्यातील तहसिलीचे शहर. चंडीगडची आखीव सेक्टररचना येथे नाही. शेतजमिनींवर एकामागून एक उभ्या राहिलेल्या खासगी वसाहती, एकमेकींना खेटलेल्या तीन-चार मजली इमारती आणि खांबाखांबांवरून लोंबणाऱ्या काळ्या तारा, असे या शहराचे आजचे रूप आहे. चंडीगडचे घरभाडे न परवडणारे नोकरदार, मोहालीच्या माहिती-तंत्रज्ञान कंपन्यांतील तरुण आणि जवळच्या घडूआं येथील विद्यापीठात शिकणारे विद्यार्थी येथे राहतात. त्यांच्यापैकी अनेकांसाठी घरातील इंटरनेट ही करमणुकीची नव्हे, तर पोटापाण्याची आणि परीक्षेची बाब आहे. मुलाखत रंगात आली असताना पडदा गोठला, तर समोरचा माणूस कारण विचारत बसत नाही.

पूर्णपणे बंद पडलेली जोडणी त्या मानाने सोपी असते, कारण तंत्रज्ञ येतो तेव्हाही ती बंदच असते. खरा त्रास अधूनमधून तुटणाऱ्या जोडणीचा. तंत्रज्ञ दारात उभा राहतो तेव्हा सारे सुरळीत चालू असते, तक्रार ‘निकाली’ निघते आणि रात्री नऊला पुन्हा तेच सुरू होते. अशा वेळी दोष कोणत्या टप्प्यात आहे हे ग्राहकाला स्वतः सांगता आले, तर निम्मे काम होते. हे टप्पे तीन : संगणक ते राउटर, राउटर ते कंपनीचे जाळे आणि कंपनीचे जाळे ते बाहेरचे जग.

सुरुवात वाय-फायपासून करावी. संगणक लॅन केबलने थेट राउटरला जोडून एक पूर्ण दिवस काम करावे. तुटणे थांबले, तर कंपनीला दोष देण्याचे कारण उरत नाही. खरडसारख्या दाट वस्तीत हीच शक्यता मोठी असते. वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यात वाहिन्या अकराहून अधिक दिसत असल्या, तरी एकमेकींवर न चढणाऱ्या वाहिन्या व्यवहारात तीनच : १, ६ आणि ११. एका जिन्यावरील आठ घरांचे आठ राउटर या तिघींतच दाटीवाटीने बसतात आणि प्रत्येकाला आपली पाळी येण्याची वाट पाहावी लागते. मायक्रोवेव्ह ओव्हनही याच पट्ट्यात चालतो. स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत जेवणाच्या वेळी जोडणी डळमळते त्यामागे हे साधे कारण असू शकते. ५ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात मोकळी जागा पुष्कळ आहे, मात्र त्या लहरी भिंतींतून फार दूर जात नाहीत. म्हणून राउटर आणि संगणक एकाच खोलीत असतील तर ५ गिगाहर्ट्‌झ निवडावा. दोन भिंती मध्ये असतील तर राउटरच हलवावा. लोखंडी कपाटावर किंवा दूरचित्रवाणी संचाच्या मागे राउटर दडवण्याची पद्धत घर नीटनेटके दिसावे म्हणून ठीक, लहरींसाठी नव्हे.

केबल लावूनही जोडणी तुटत असेल, तर ‘पिंग’ ही जुनी आणि विनामूल्य चाचणी कामी येते. पिंग म्हणजे पलीकडच्या यंत्राला मारलेली हाक. उत्तर आले का आणि किती मिलिसेकंदांत आले, एवढेच ती सांगते. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी उघडून या आज्ञेपुढे राउटरचा पत्ता आणि शेवटी आडवी रेघ व ‘टी’ हे इंग्रजी अक्षर टंकले, की हाका अखंड सुरू राहतात. राउटरचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. दुसऱ्या खिडकीत बाहेरच्या जगातील एखादा स्थिर पत्ता घ्यावा, गूगलचा ८.८.८.८ त्यासाठी सर्रास वापरला जातो. दोन्ही खिडक्या तासभर शेजारी शेजारी चालू ठेवाव्यात. जोडणी तुटली त्या क्षणी राउटरकडूनही उत्तर आले नाही, तर दोष घरातच आहे : केबल, संगणकाचे नेटवर्क कार्ड किंवा खुद्द राउटर. राउटर एक-दोन मिलिसेकंदांत उत्तर देतो आहे आणि बाहेरचा पत्ता मात्र गप्प आहे, असे दिसल्यास घराची तपासणी तिथेच थांबवावी. त्या खिडक्यांचे वेळेसह काढलेले छायाचित्र हा पुढे सर्वांत बोलका पुरावा ठरतो.

तिसरीही एक गंमत संभवते. दोन्ही खिडक्यांत उत्तरे येत राहतात, पण संकेतस्थळे उघडत नाहीत. इथे रस्ता शाबूत असतो, पत्ता सांगणारा माणूस हरवलेला असतो. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा अंकी पत्ता शोधणारी डीएनएस यंत्रणा अडखळलेली असते आणि राउटरमध्ये दुसरा डीएनएस पत्ता भरल्याने काम भागते.

लॅन केबलकडेही दुर्लक्ष नको. तिच्यात तारांच्या चार जोड्या असतात. एक गिगाबिटचा वेग चारही जोड्यांवर चालतो. एखादी तार दाराच्या फटीत चेंगरून तुटली, की अनेकदा जोडणी मुकाट्याने १०० मेगाबिटवर उतरते. ग्राहक तीनशे मेगाबिटचे पैसे भरत राहतो आणि पंचाण्णवच्या आसपास अडकलेल्या वेगाचे खापर कंपनीवर फोडतो. संगणकाच्या नेटवर्क माहितीत हा आकडा दिसतो. केबल बदलण्याचा खर्च किरकोळ असतो.

घराबाहेरचा दोष बहुतेक वेळा फायबरच्या आरोग्याशी निगडित असतो. भिंतीवरील पेटीवर ‘एलओएस’ या अक्षरांखालचा दिवा लाल झाला, तर प्रकाश घरापर्यंत पोहोचतच नाही, असा त्याचा अर्थ. पण अधूनमधून तुटणाऱ्या जोडणीत हा दिवा क्षणभरच लागतो आणि कोणाच्या लक्षात येत नाही. त्यासाठी पेटीच्या अंतर्गत पानावरील प्रकाशाची पातळी पाहावी. ती डीबीएम या एककात, उणे चिन्हासह असते. सर्वाधिक प्रचलित जीपॉन जोडण्यांत उणे ८ ते उणे २७ ही साधारण मर्यादा. उणे २७ च्या काठावरची जोडणी म्हणजे आज चालू, उद्या बंद. दर तीन डीबीला प्रकाश निम्मा होतो, हे लक्षात घेतले की खिळ्यावर करकचून वळवलेली फायबर किंवा धूळ बसलेला जोड केवढे नुकसान करतो ते उमगते. पेटीमागे फायबरचे वेटोळे घट्ट आवळलेले असेल तर ते सैल करावे. मात्र जोड उघडण्याच्या फंदात पडू नये. प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण घातक ठरू शकतो.

संध्याकाळीच वेग ढासळत असेल, तर कारण वेगळे असते. जीपॉनमध्ये एकाच फायबरवरील सुमारे अडीच गिगाबिटची क्षमता ३२ किंवा ६४ घरांत वाटली जाते आणि छोट्या स्थानिक पुरवठादारांनी पुढे घेतलेली क्षमता त्याहूनही अपुरी असू शकते. घरात पेटी बदलून यावर उपाय होत नाही. विजेचेही तसेच. वीज क्षणभर गेली तरी राउटर पुन्हा सुरू व्हायला दोन-तीन मिनिटे घेतो. राउटरपुरता छोटा यूपीएस बसवला तर हा प्रश्न घरापुरता सुटतो, वसाहतीतील सामायिक पेटीला वीज नसेल तर तोही निरुपयोगी.

प्रत्येक खंड हा बिघाड नसतो, याचा अनुभव पंजाबने मार्च २०२३ मध्ये घेतला. अमृतपाल सिंगविरोधातील पोलिसी कारवाईच्या वेळी १८ मार्चपासून राज्यात मोबाइल इंटरनेट बंद करण्यात आले. मोहालीच्या काही भागांत ते इतर बहुतेक जिल्ह्यांपेक्षा अधिक दिवस बंद राहिले. तारेवरील ब्रॉडबँड मात्र चालू होते. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर विसंबणाऱ्यांचे काम थांबले, फायबर असलेल्यांचे चालले.

तक्रारीच्या बाबतीत ग्राहकाचा हात वाटतो तितका रिकामा नाही. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण अर्थात ट्रायचे सेवा-गुणवत्तेचे नवे नियम १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले आहेत. तारेवरील जोडणीचा दोष तीन दिवसांत दुरुस्त न झाल्यास पोस्टपेड आणि प्रीपेड अशा दोन्ही ग्राहकांना भरपाई देण्याची तरतूद त्यांत आहे. भरपाईचा हिशेब तक्रार नोंदवल्यापासून लागतो. म्हणून गल्लीतल्या केबलवाल्याला केलेला फोन पुरेसा नाही. कंपनीच्या तक्रार केंद्राकडून क्रमांक घ्यावा आणि जपून ठेवावा. ट्राय वैयक्तिक तक्रारी हाताळत नाही. केंद्राच्या उत्तराने समाधान न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे तीस दिवसांत अपील करता येते आणि त्यासाठी शुल्क लागत नाही. तिथे पिंगच्या खिडकीचे छायाचित्र, प्रकाशाच्या पातळीचा आकडा आणि तुटण्याच्या वेळांची आठवडाभराची नोंद जोडावी.

खरडमध्ये आजही नव्या इमारती उभ्या राहत आहेत आणि कोणती तार आत येणार हे पुष्कळदा बांधकाम व्यावसायिकच ठरवतो. इमारतींना डिजिटल जोडणीच्या दर्जानुसार तारांकित मानांकन देण्याचे नियम ट्रायने ऑक्टोबर २०२४ मध्ये अधिसूचित केले आहेत. हे मानांकन ऐच्छिक आहे. तोपर्यंत घर भाड्याने घेताना नळाला पाणी किती वेळ येते या प्रश्नासोबतच इमारतीत किती कंपन्यांची फायबर पोहोचली आहे, हेही विचारून घ्यावे.