कल्ल्यांच्या पेशी सांगतात पाण्यातले विष

माशाच्या अवयवाचा बारीक तुकडा घेऊन त्यातल्या पेशी विकराच्या साहाय्याने सुट्या केल्या आणि क्षार, शर्करा व पोषकद्रव्ये असलेल्या द्रावात ठेवल्या, तर त्या भांड्याच्या तळाला चिकटून वाढू लागतात. भांडे भरले की त्यातल्या काही पेशी नव्या भांड्यात हलवायच्या. अशा रीतीने एकाच मुळापासून वर्षानुवर्षे वाढत राहणाऱ्या पेशींना पेशीवंश म्हणतात. माशांचा पहिला कायमचा पेशीवंश १९६२ साली अमेरिकेत केन वुल्फ आणि एम. सी. क्विम्बी यांनी जाहीर केला. ‘आरटीजी-२’ हा तो वंश रेनबो ट्राउट माशाच्या जननग्रंथीतून काढला होता. वुल्फ माशांच्या रोगांचे अभ्यासक होते. विषाणू जिवंत पेशीतच वाढतो, म्हणून त्यांना अशा पेशी हव्या होत्या. प्रदूषणाच्या अभ्यासाला त्यांचा उपयोग पुढे झाला.

सस्तन प्राण्यांच्या पेशींना साधारणपणे ३७ अंश तापमान आणि कार्बन डायऑक्साइडचा पुरवठा लागतो. माशांच्या पेशी त्या मानाने सोशीक. मासा शीतरक्ताचा असल्याने त्याच्या पेशी तापमानातले बरेच चढउतार सहन करतात, आणि एल-१५ नावाच्या द्रावात त्या साध्या हवेतही वाढतात. शिवाय गुणसूत्रांची टोके झिजू न देणारे टेलोमरेज हे विकर अनेक माशांच्या प्रौढ ऊतींतही कार्यरत असते. माशांच्या पेशी बऱ्याचदा आपोआप अमर होतात, त्यामागे हे एक कारण मानले जाते.

एखादे रसायन माशांना किती घातक आहे हे ठरवण्याची रूढ पद्धत क्रूर आहे. रसायनाच्या किमान पाच वेगवेगळ्या तीव्रतांच्या पाण्यात प्रत्येकी किमान सात मासे ९६ तास ठेवतात, शुद्ध पाण्यात आणखी काही, आणि कोणत्या तीव्रतेला निम्मे मासे मरतात ते पाहतात. इतके जीव खर्चून हाती येतो एक आकडा. मासा का मेला, हे तो आकडा सांगत नाही.

याला पर्याय म्हणून कल्ल्यांची निवड झाली, आणि ती विचारपूर्वक होती. कल्ल्यांतून मासा श्वास घेतो, क्षारांचा तोल राखतो. पाण्यात विरघळलेले रसायन प्रथम त्यांनाच भिडते. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठात नील्स बोल्स आणि सहकाऱ्यांनी ट्राउटच्या कल्ल्यांपासून ‘आरटीगिल-डब्ल्यू१’ हा वंश तयार केला. १९९४ साली त्याची माहिती प्रसिद्ध झाली. स्वित्झर्लंडमधील एआवाग या जलसंशोधन संस्थेत क्रिस्टिन शिर्मर यांच्या गटाने त्यावर चाचणी बसवली. २०२१ मध्ये ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेने ती २४९ क्रमांकाची मार्गदर्शक पद्धत म्हणून स्वीकारली.

चाचणीत २४ खळग्यांच्या ताटलीत पेशींचा थर वाढवतात आणि १९ अंश तापमानाला २४ तास त्यावर रसायनाचे द्रावण ठेवतात. द्रावात प्रथिने मुद्दाम टाळलेली असतात, कारण रसायन प्रथिनांना चिकटले की पेशींपर्यंत कमी पोहोचते. मग तीन रंजके वापरतात. एक पेशीचा चयापचय चालू आहे का ते दाखवते, दुसरे बाह्य पटल शाबूत आहे का ते, आणि तिसरे पेशीतल्या टाकाऊ द्रव्याचे पचन करणाऱ्या लायसोसोमची अवस्था. म्हणजे विषाचा घाव कुठे पडला याचाही अंदाज येतो. चाचणीचे खरे मोल यातच आहे. काही रसायने हवेत उडून जातात किंवा प्लास्टिकला चिकटतात, म्हणून द्रावात ती प्रत्यक्षात किती उरली हेही मोजावे लागते.

यकृताच्या पेशींचे काम निराळे. डायॉक्सिनसारखे विष शिरले की त्यांच्यात एका विशिष्ट विकराचे प्रमाण वाढते, आणि त्या वाढीवरून गाळाच्या किंवा सांडपाण्याच्या नमुन्यातील अशा द्रव्यांचा एकत्रित जोर मापता येतो.

मर्यादाही स्पष्ट आहेत. मज्जासंस्थेवर घाव घालणाऱ्या काही कीटकनाशकांचा धोका कल्ल्यांच्या पेशी कमी दाखवतात, कारण तो घाव बसण्याची जागाच त्यांच्यात नसते. अ‍ॅलिल अल्कोहोल शरीरात रूपांतर झाल्यावर अधिक विषारी बनते. ते रूपांतर या पेशींत पुरेसे होत नाही. रसायन प्रजननावर किंवा वागण्यावर काय परिणाम करते, हे एका थरातल्या पेशींना विचारून उपयोग नाही.

भारतात या क्षेत्रात तमिळनाडूतील मेलविशारम येथील सी. अब्दुल हकीम महाविद्यालयाने भरीव काम केले आहे. कोकणात आवडीने खाल्ल्या जाणाऱ्या जिताड्याच्या मूत्रपिंडापासून तिथे पेशीवंश तयार झाला. राणीपेटचा चर्मोद्योग जवळच असल्याने चामडे कमावण्याच्या कारखान्यांच्या सांडपाण्याची तपासणीही तिथल्या संशोधकांनी काळुंदर माशाच्या पेशींवर केली. लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोत माशांच्या पेशीवंशांचे राष्ट्रीय भांडार आहे. अशा भांडारांत पेशी द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवतात आणि त्या खरोखर त्याच प्रजातीच्या आहेत का, हे डीएनएवरून पडताळतात. ही पडताळणी अत्यावश्यक आहे, कारण एका वंशात दुसऱ्याच्या पेशी मिसळल्या तर पुढचे सारे निष्कर्ष चुकतात. ट्राउट थंड पाण्याचा मासा आहे. रोहू, कटला आणि जिताडा उष्ण पाण्यात वाढतात. आपल्या नद्या-खाड्यांसाठी या माशांच्या पेशींवरच्या चाचण्याही तितक्याच काटेकोरपणे निरनिराळ्या प्रयोगशाळांत ताडून पाहाव्या लागतील.