मुलांच्या हाती कोणता भारत द्यावा?

नोकरीनिमित्त आपले बिऱ्हाड भोपाळला वा कलकत्त्यास असेल, तर घरातील मुलांना कोकणातील अंगण कोण दाखविणार? साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली 'श्यामची आई' आपण त्यांना मोठ्याने वाचून दाखवावी. श्याम रात्री मित्रांना आठवणी सांगतो, अशी तिची रचना आहे. तेव्हा एका रात्री एकच आठवण पुरे. वाचता वाचता मुलाने 'खळे म्हणजे काय?' असे विचारले, तर पुस्तक मिटून सांगत बसावे. ते वाचनच होय.

परंतु शेजारच्या घराचे काय? सणांच्या नुसत्या याद्या देणारी पुस्तके मला निरुपयोगी वाटतात. पोंगल तामिळनाडूचा, एवढे पाठ होते. नव्या तांदळाचे भांडे उतू जाण्याची वाट पाहणारे घर मात्र दिसत नाही. १९५७ साली स्थापन झालेल्या नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालेतील सचित्र पुस्तके अनेक भारतीय भाषांत निघाली आहेत. आपल्या मुलाने त्यांतील एखादे मराठीत वाचावे, शेजारच्या मुलाने तेच बंगालीत; मग दोघांनी जिन्यात बसून चित्रांवरून खुशाल वाद घालावा.