दुसरा जिना किती जागा खातो

पुण्या-मुंबईतली एखादी जुनी, चार-पाच मजली सोसायटी डोळ्यांसमोर आणा. मधोमध जिना, प्रत्येक मजल्यावर त्याच्याभोवती दोन ते चार दारे आणि बहुतेक घरांना दोन बाजूंनी खिडक्या. अमेरिकेतल्या बहुतेक शहरांत अशा आराखड्याला परवानगी मिळत नाही. तिथे तळमजला धरून तीन मजल्यांच्या वर निवासी इमारत गेली, की खाली उतरायला एकमेकांपासून दूर असलेले दोन जिने लागतात. कॅनडाची राष्ट्रीय संहिता आणखी कडक आहे. तिथे दोन मजल्यांच्या वरच दुसरा जिना येतो.

या दोन्ही देशांत घरांची टंचाई वाढली, तसे वास्तुविशारद आणि गृहनिर्माणाचे अभ्यासक या कलमाकडे वळले. लहान प्लॉटवर पाच-सहा मजली इमारत उभी राहत नाही, त्याचे एक मोठे कारण दुसरा जिना आहे, असे त्यांचे म्हणणे. ते समजून घ्यायचे तर आधी नियम कुठून आला ते पाहू, मग तो आराखड्याचे काय करतो ते, आणि शेवटी ज्या शहराने तो शिथिल केला तिथे आगीचे काय होते ते.

नियमाचा उगम

न्यूयॉर्कच्या एल्म स्ट्रीटवर १८६० साली भाडेकरूंच्या एका इमारतीला आग लागली. लाकडी जिनाच पेटल्याने वरच्या मजल्यांवरची कुटुंबे अडकली. त्यानंतर मोठ्या भाडोत्री इमारतींना न जळणारा जिना किंवा बाहेरून सुटकेची सोय असावी, असा कायदा आला. १९११ साली त्याच शहरात ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याच्या आगीत १४६ कामगार गेले. तिथे एका जिन्याचे दार कुलूपबंद होते. एक वाट बंद पडली तर दुसरी हवी, हा धडा अशा दुर्घटनांतून पक्का झाला.

आज अमेरिकेत ‘इंटरनॅशनल बिल्डिंग कोड’ ही नमुना संहिता चालते. नावात आंतरराष्ट्रीय असले तरी ती मुख्यतः अमेरिकेतच वापरली जाते. ती आपोआप कायदा होत नाही. राज्ये आणि शहरे ती स्वीकारतात आणि हवे तिथे बदल करतात. या मुभेमुळेच काही शहरांना वेगळी वाट धरता आली.

आराखड्यात काय बदलते

दोन जिने एकमेकांपासून दूर ठेवायचे आणि प्रत्येक घरातून दोन्हींकडे जाता यायला हवे. म्हणजे त्यांना जोडणारा बोळ आला. बोळ मधून गेला की त्याच्या दोन्ही बाजूंना घरे, अगदी लॉजच्या खोल्यांसारखी. कोपऱ्यातली घरे सोडली तर प्रत्येक घराची एक बाजू बोळाला लागते, दोन बाजू शेजाऱ्यांना, आणि खिडक्यांसाठी उरते एकच भिंत. आरपार वारा मिळत नाही. शिवाय अमेरिकेत झोपण्याच्या खोलीला सहसा खिडकी लागते. एका भिंतीवर तीन बेडरूम आणि दिवाणखाना बसवायचा तर घर फार रुंद होते. त्यामुळे बिल्डर वन-रूम किंवा वन-बीएचके काढतो आणि मुलाबाळांच्या कुटुंबाला जागा मिळत नाही.

आता साधा हिशोब मांडू. समजा, प्लॉट ५० बाय १०० फूट आहे. सामासिक अंतर सोडून इमारत ४० बाय ६५ फुटांची बसते, म्हणजे मजल्याला २,६०० चौरस फूट. एका जिन्याला १६० चौरस फूट, लिफ्ट आणि डक्टला ९०, जिन्यासमोरच्या मोकळ्या जागेला १०० धरले, तर ३५० चौरस फूट गेले. हे मजल्याच्या साडेतेरा टक्क्यांच्या आसपास. आता दोन जिने घ्या. जिन्यांचे ३२०, लिफ्ट-डक्टचे ९०, आणि पाच फूट रुंद, ५० फूट लांब बोळाचे २५०. बेरीज ६६०, म्हणजे मजल्याचा पाव भाग. फरक ३१० चौरस फुटांचा. त्यात दोन बेडरूम बसतात. सहा मजल्यांवर ही जागा १,८६० चौरस फूट होते. ती बांधायचा खर्च येतो, पण विकता येत नाही.

मोठ्या इमारतीत हा बोजा पुष्कळ घरांत वाटला जातो, म्हणून बिल्डर शेजारचे दोन-तीन प्लॉट एकत्र करण्याच्या मागे लागतो. शेजारी विकायला तयार नसेल तर प्रकल्प अडतो, आणि जुळलेच तर गल्लीच्या टोकापर्यंत एकच लांबलचक इमारत उभी राहते. छोट्या बिल्डरला या खेळात जागाच उरत नाही.

सिॲटलची अट-यादी

सिॲटल शहराने १९७७ पासून वेगळी सोय ठेवली आहे. तिथे सहा मजल्यांपर्यंतच्या निवासी इमारतीला एक जिना चालतो, पण त्याबरोबर अटींची यादी येते. एकेक अट आगीच्या वेळी काय काम करते ते पाहा.

पहिली अट: मजल्यावर चारच घरे. त्यामुळे जिन्यावर येणाऱ्या माणसांची संख्या आटोक्यात राहते आणि घराच्या दारापासून जिना काही पावलांवर येतो. लांब, धुराने भरलेल्या बोळात चाचपडण्याची वेळ येत नाही.

दुसरी: पूर्ण इमारतीत स्प्रिंकलर. छतातल्या तोटीच्या तोंडाशी काचेची छोटी नळी असते. नेहमीच्या वापरातली नळी साधारण ६८ अंश सेल्सिअसला फुटते आणि पाणी सुटते. सिनेमात दाखवतात तसे सगळे फवारे एकदम सुरू होत नाहीत. आगीजवळचे एक-दोनच उघडतात. बंब येण्याआधीच आग एका खोलीत दाबून धरणे, हे त्यांचे काम.

तिसरी: जिन्यात धूर शिरू न देणे. आगीत बहुतेक बळी ज्वाळांपेक्षा धुरामुळे जातात, आणि धूर जिन्याच्या पोकळीतून झपाट्याने वर चढतो. म्हणून जिना एकतर उघड्यावर ठेवायचा किंवा बंदिस्त असेल तर पंख्याने आत ताजी हवा लोटायची. आतला दाब बाहेरच्यापेक्षा किंचित जास्त राहिला की दार उघडले तरी हवा बाहेर ढकलली जाते आणि धूर मागे राहतो.

याशिवाय भिंती आणि दारे ठरावीक वेळ आग अडवणारी हवीत, आणि दारे आपोआप बंद होणारी हवीत. ही शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटते, पण जानेवारी २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या ट्विन पार्क्स इमारतीत १७ जणांचा जीव गेला, तो दारे मिटली नाहीत म्हणून वर पसरलेल्या धुरामुळे. आग मात्र मुख्यतः एका घरापुरतीच होती.

न्यूयॉर्कमध्येही सहा मजल्यांपर्यंत एक जिना चालतो, पण मजल्याचे क्षेत्र २,००० चौरस फुटांपर्यंतच असेल आणि बांधकाम न जळणाऱ्या साहित्याचे असेल तर. जर्मनीत साधारण २२ मीटर उंचीपर्यंत एक जिना पुरतो. सुटकेची दुसरी वाट म्हणजे अग्निशमन दलाची शिडी, म्हणून प्रत्येक घराची खिडकी शिडीच्या टप्प्यात असावी लागते. साधन प्रत्येक ठिकाणी वेगळे, पण एक जिना देताना त्याच्या बदल्यात काहीतरी मागितलेले आहेच.

आक्षेप आणि पुरावा

अग्निशमन जवानांच्या संघटनांचा या सवलतीला विरोध आहे आणि त्यांचे मुद्दे झटकून टाकण्यासारखे नाहीत. जवान पाण्याची नळी घेऊन ज्या जिन्याने वर चढतात त्याच जिन्याने रहिवासी उतरतात, आणि नळी दारातून आत गेली की ते दार मिटत नाही. लहान गावात उंच शिडीची गाडी नसते. यंत्रे वेळच्या वेळी तपासली नाहीत तर पंखाही चालत नाही आणि फवाराही.

दुसऱ्या बाजूला सिॲटल आणि न्यूयॉर्कचा अनुभव आहे. प्यू चॅरिटेबल ट्रस्ट्स आणि सेंटर फॉर बिल्डिंग इन नॉर्थ अमेरिका यांनी २०२५ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात न्यूयॉर्कमधल्या चार हजारांहून अधिक आधुनिक, एका जिन्याच्या चार ते सहा मजली इमारती तपासल्या होत्या. २०१२ ते २०२४ या काळात तिथले आगीतल्या मृत्यूंचे प्रमाण इतर निवासी इमारतींपेक्षा जास्त आढळले नाही. अमेरिकेत आगीत माणसे जास्त मरतात ती जुन्या, स्प्रिंकलर नसलेल्या घरांत, ही गोष्टही या हिशोबात धरायला हवी.

उंचीची मर्यादा मात्र ओलांडता येत नाही. लंडनच्या २४ मजली ग्रेनफेल टॉवरला एकच जिना होता. १४ जून २०१७ च्या आगीत ७२ जण गेले. आग पसरली ती बाहेरून लावलेल्या ज्वलनशील आवरणामुळे, पण सुटकेची वाट एकच होती आणि तिच्यातही धूर शिरला. ३० सप्टेंबर २०२६ पासून इंग्लंडमध्ये १८ मीटर आणि त्याहून उंच नव्या निवासी इमारतींना दुसरा जिना सक्तीचा होत आहे. त्याखाली एक जिना तिथेही चालूच राहणार आहे. वरकरणी इंग्लंड आणि अमेरिका उलट दिशांना निघालेले दिसतात. प्रत्यक्षात दोघांची रेघ सहा-सात मजल्यांच्या आसपासच पडते.

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने २०२४ मध्ये सहा मजल्यांपर्यंत एक जिना मंजूर केला. टेक्सासने २०२५ मध्ये तसाच कायदा केला. वॉशिंग्टन राज्याने २०२३ च्या कायद्याने सिॲटलच्या धर्तीवर राज्यभरासाठी नियम आखायला सांगितले. या सगळ्यांनी अटींची यादी सोबत ठेवली आहे, आणि ती ठेवली तरच ही सवलत योग्य आहे. अटी गाळून नुसता जिना कमी केला, तर तो फक्त बिल्डरचा खर्च वाचवणे होईल.

महाराष्ट्रात एका जिन्याच्या इमारतींत लाखो लोक राहतात, म्हणजे सवलत आपण कधीचीच घेतलेली आहे; अटींचे पाहायचे राहते. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायद्यानुसार, जिथे अग्निसुरक्षा यंत्रणा सक्तीची आहे, तिथे ती चालू असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारीत आणि जुलैत द्यावे लागते. तुमच्या सोसायटीच्या पुढच्या सभेत ते मागून बघा. आणि जिन्यातली सायकल, चपलांचे कपाट, जुनी गादी आजच हलवा, कारण खाली उतरायला तेवढी एकच वाट आहे.